तळटीप : एमआरआय
एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात हे लेखकाचे म्हणणे बरोबर. ‘म्हणून धोका नाही’ हे मात्र नाही. 1.5 टेस्लाचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट प्रबळ असते आणि तपासणी थांबली तरी ते चालूच राहते. 27 जानेवारी 2018 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला, रुग्णासोबत आलेला तरुण यंत्राकडे खेचला जाऊन दगावला. कसाऱ्यासारख्या गावाहून मुंबईला नेलेल्या रुग्णासाठीही घरचेच माणूस धावपळ करते, म्हणून हे इथे सांगणे भाग आहे. तपासणीत वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरींनी शरीर किंचित तापते. चांदीची जोडवी चुंबकाला चिकटत नाहीत, पण तापून चटका देऊ शकतात, तीही काढावीत. पेसमेकर, किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असल्यास आधीच सांगावे. — संपादक