थाप आणि हूल : पोकरमधील ब्लफची कुळकथा

हातातली पाने हलकी असताना ती भारी असल्यासारखी रक्कम लावून प्रतिस्पर्ध्याला डाव सोडायला भाग पाडणे, या पोकरमधील युक्तीला ‘ब्लफ’ म्हणतात, आणि मराठीत तिच्यासाठी ‘हूल’ हा शब्द चपखल बसतो. ही युक्ती धूर्त किंवा बेधडक माणसाच्या स्वभावातून येते, असा समज दीर्घकाळ टिकला; प्रत्यक्षात ती खेळाच्या रचनेतूनच उगवते, हे सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

युक्ती मात्र पोकरपेक्षा जुनी आहे. जर्मन भाषकांत पंधराव्या शतकापासून ‘पोख’ नावाचा पत्त्यांचा खेळ होता आणि त्यामागच्या ‘पोखन’ या क्रियापदाचे ठोठावणे आणि बढाई मारणे असे दोन्ही अर्थ होतात. मराठी माणूसही दारावर थाप मारतो आणि चारचौघांत थापा मारतो, हे साम्य लक्षात घेतले की त्या शब्दाची गंमत सहज उमगते. याच खेळाच्या ‘पोक’ या फ्रेंच रूपावरून न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात ‘पोकर’ हे नाव रूढ झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडमधील ‘ब्रॅग’ या खेळाच्या नावाचा अर्थही बढाईच असून एडमंड हॉइल यांनी १७५१ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली होती; बूट, चाल, पॅक आणि शो या शब्दांनी महाराष्ट्रात ओळखली जाणारी तीन पत्ती याच ब्रॅगच्या जवळच्या नात्यातली आहे.

अमेरिकेत आरंभी पोकर वीस पानांत खेळला जाई. इंग्रज नट जोसेफ कॉवेल यांनी १८२९ मधील आगबोटीच्या प्रवासात पाहिलेल्या अशा डावाचे वर्णन आपल्या आठवणींत केले आहे. पुढे बावन्न पानांचा जोड आला, पाने बदलून घेण्याची मुभा मिळाली आणि बोलीच्या फेऱ्या वाढल्या, तशी हुलीलाही जागा वाढली, कारण एकही पान न बदलणे हीच आता भारी हाताची खूण ठरू लागली आणि ती खूण खोटेपणानेही दाखवता येऊ लागली. त्या काळात या खेळालाच ‘ब्लफ’ असेही म्हणत.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळ-सिद्धांतावरील ग्रंथात पोकर आणि ब्लफ यांना स्वतंत्र विभाग दिला. हुलीचे दोन हेतू त्यांनी वेगळे केले : एक, दुबळेपणी बळाचा आभास निर्माण करणे, दुसरा, हा खेळाडू अधूनमधून हूल देतो अशी शंका जिवंत ठेवून बळ असतानाही ते लपवणे. दुसरा हेतू अधिक खोल आहे, कारण त्यामुळे पकडली गेलेली हूलही वाया जात नाही.

हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या छोट्या पोकरमध्ये हे हिशेबाने दिसते. पाने तीनच : गुलाम, राणी, राजा, दोन खेळाडू एकेक नाणे मध्ये ठेवतात आणि एकेक पान घेतात. पहिल्याने नाणे न लावता संधी पुढे दिली, तर दुसऱ्याने राजा असताना नेहमी एक नाणे लावावे, गुलाम असताना सरासरी तीनांतून एकदाच लावावे आणि राणी असताना कधीच लावू नये. राणीवर लावून उपयोग नसतो, कारण समोरचा राजावाला हटत नाही आणि गुलामवाला डाव सोडतो. म्हणून हूल द्यायची ती सर्वांत हलक्या पानावर. पहिल्याकडे राणी असेल, तर त्याच्यासमोर लागलेल्या दर चार नाण्यांपैकी सरासरी तीन राजावर आणि एक गुलामावर लागलेले असते. प्रत्येक वेळी त्याने एक नाणे टाकून उत्तर दिले, तर तीनदा एकेक नाणे जाते आणि एकदा तीन नाणी येतात; डाव सोडला काय किंवा उत्तर दिले काय, त्याच्या पदरी सारखेच पडते. दुसऱ्याने गुलामावर कधीच नाणे लावले नाही, तर राणीवाला निर्धास्तपणे डाव सोडेल आणि राजावर मिळणारी कमाईही आटेल.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक-प्रणालीने २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंना वीस दिवसांत, १,२०,००० डावांच्या लढतीत हरवले. तिला माणसांचे डाव शिकवलेले नव्हते. स्वतःशीच खेळून केलेल्या गणनेतून ती हूल द्यायला शिकली होती.