हैदराबादच्या धातू कारखान्यांना शास्त्रज्ञ कसे मिळाले

काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार इथल्या आपल्या जुन्या मराठी घरांबद्दल बरंच लिहून झालंय. शाळा झाल्या, ग्रंथालयं झाली, गणपती झाले. पण याच घरांतली जी मुलं १९७० नंतर ईसीआयएल नाहीतर कंचनबागची बस पकडून कामावर जायची, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. ती घरी कामाचं काही बोलायचीच नाहीत ना! मी कॉमर्सचा माणूस. पण त्या भागातल्या बँकेच्या शाखेत पाच वर्षं काढली, त्यांची खाती उघडली, स्कूटरची कर्जं दिली, आणि निवृत्तीनंतर वाचत गेलो.

मूळ मुंबईत आहे. अणुऊर्जेसाठी लागणारा तयार माणूस कुठल्याच विद्यापीठातून मिळत नव्हता. म्हणून होमी भाभांनी १९५७ साली ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल काढलं. ताजे इंजिनिअर आणि एम.एस्सी. झालेली मुलं देशभरातून मुलाखती घेऊन निवडायची, वर्षभर स्टायपेंड देऊन शिकवायचं, परीक्षा घ्यायच्या आणि पास झाला की थेट शास्त्रीय अधिकारी म्हणून नेमणूक. नोकरीची जाहिरात देऊन वाट बघत बसण्यापेक्षा माणूसच घडवायचा, असा हिशेब.

या मुलांना प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत डॉ. ब्रह्मप्रकाश यांचं नाव पहिलं. अमेरिकेत एमआयटीत धातुशास्त्र शिकलेले, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या विभागाचे प्रमुख राहिलेले. १९७१ साली आपल्याकडे मौला अलीजवळ न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं, त्यामागे तेच होते. तिथला मुख्य धातू झिर्कोनियम. अणुभट्टीत इंधनाच्या गोळ्या ज्या नळ्यांत भरतात त्या याच्या मिश्रधातूच्या. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून तो काढायचा. गंमत अशी की निसर्गात त्याच्याबरोबर हाफ्नियम चिकटून येतं. झिर्कोनियम न्यूट्रॉन जाऊ देतं, हाफ्नियम गिळून टाकतं. दोघांचं रसायन जुळ्या भावांसारखं, त्यामुळे वेगळं करणं महाकठीण. ते द्रावकांनी वेगळं करायचं, मग मॅग्नेशियमने धातू मोकळा करायचा, स्पंजासारखा निघतो तो, मग निर्वात भट्टीत वितळवायचा, मग नळ्या ओढायच्या. हे सगळं आधी ट्रॉम्बेत लहान प्रमाणावर करून पाहिलं होतं. आणि ज्यांच्या हाताखालून ते गेलं होतं, त्यांतलीच माणसं इकडे आली. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. कागद पाठवून कारखाना चालत नाही.

घरच्यांना मात्र हे पटायला वेळ लागायचा. एकदा काचीगुड्याचे एक मास्तर शाखेत आले. मुलाची निवड झालेली, करारनाम्यावर जामीनदार हवा होता. म्हणाले, "राव, एम.एस्सी. फर्स्ट क्लास केलं पोरानं, आणि आता भट्टीपुढे उभा राहणार? त्यापेक्षा तुमच्या बँकेत चिकटवा की." मी म्हटलं, "मास्तर, आमच्याकडे वरची जागा रिकामी झाल्याशिवाय बढती नाही. तिथे जागा असो-नसो, काम दाखवलं की बढती मिळते." हे खरंच होतं. अणुऊर्जा खात्याचा तो नियम होता, आणि आम्हा बँकवाल्यांना त्याचा हेवा वाटायचा. मास्तरांनी सही केली. क्वार्टर्स मिळाल्यावर बाईंचाही राग गेला.

कंचनबागची गोष्ट थोडी वेगळी. तिथे संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा १९६३ पासून. मिश्र धातु निगम, म्हणजे आपलं मिधानी, १९७३ चं. उत्पादन १९८२ पासून. प्रयोगशाळेत मिश्रधातू जमवायचा आणि शेजारी तो टनांनी ओतायचा. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटारीचं मॅरेजिंग स्टील मिधानीचं. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

पण डॉक्टरेट आणि भट्टी यांचं जमायला त्रास होताच. पीएच.डी. करायची तर प्लांट सोडून जायचं, आणि गेलेला माणूस बहुधा परत यायचा नाही, अमेरिकेतच राहायचा. २००५ साली होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा खात्यातल्या माणसांना खात्यातच पदवी घेण्याची सोय झाली. मला विचाराल तर वीस-पंचवीस वर्षं उशीर झाला. तोपर्यंत माधापूरला सॉफ्टवेअरच्या इमारती उभ्या होत्या, आणि धातुशास्त्र शिकलेली पोरं तिथे कोड लिहायला बसली होती. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, पगारच तसे होते.

सध्या आपल्या ओळखीतली एक मुलगी धातूच्या पावडरीपासून थर देत भाग बनवण्यावर पीएच.डी. करतेय. बाळापूरला याच विषयाचं मोठं सरकारी केंद्र आहे. खाजगी कंपन्याही विचारताहेत म्हणते, पण त्यांना तीन महिन्यांत भाग हवा असतो. मास्तरांच्या मुलाला पहिलं वर्ष नुसतं शिकायला मिळालं होतं, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "काका, असं आता कोण देतं?"

मास्तर आता नाहीत. मुलगा निवृत्त होऊन ए. एस. राव नगरला असतो, गुपितं अजून सांगत नाही. आपल्या घरांतून न्यूक्लिअर फ्युएल, मिधानी, डीएमआरएलमध्ये कोण कोण होतं, कुठल्या साली लागलं, कुठे शिकलं, एवढं तरी खाली लिहा. मी वहीत उतरवून ठेवतोय. आतापर्यंत सतरा नावं झाली आहेत.