औषधाचा आकाशमार्ग

सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत, सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह हें गांव वसलें आहे. सभोंवार सागाचें दाट अरण्य, घाटाची वळणावळणाची वाट आणि दूरदूर विखुरलेल्या कोरकूंच्या वस्त्या, असा हा मेळघाटचा मुलूख. पावसाळ्यांत नदीनाल्यांना पूर आला म्हणजे येथील कित्येक वस्त्यांचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. अशा वेळीं अडलेल्या बाळंतिणीस हवें असलेलें रक्त अमरावतीच्या इस्पितळांत असून नसल्यासारखेंच. येथें प्रश्न औषधाइतकाच वाटेचाही आहे, आणि त्याला इतिहास आहे.

१९२५ च्या जानेवारींत अलास्कांतील नोम गांवीं घटसर्पाची सांथ उद्भवली. विमान धाडण्याचा विचार झाला. परंतु कडाक्याच्या थंडीमुळें तो सोडून द्यावा लागला. अखेरीस वीस गाडीवानांनीं कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून हातोहात सुमारें १,०८५ किलोमीटरांचें अंतर साडेपांच दिवसांच्या आंत तोडून प्रतिविष पोंचविलें. हिंदुस्थानांत त्याआधीं चौदा वर्षें, १८ फेब्रुवारी १९११ रोजीं, अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीस विमानानें टपाल गेलें होतें. पत्र आकाशांतून गेलें. औषधास मात्र खेड्याची वाट फार काळ पायींच चालावी लागली. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटांतील बैरागड येथें गेले, तेव्हां सुमारें चाळीस किलोमीटर चालण्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्यांस व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांस २०१९ मध्यें पद्मश्रीचा मान मिळाला.

ही उणीव भरून काढण्याचा नवा यत्न म्हणजे ड्रोन, अर्थात् वैमानिकावांचून उडणारें यान. आफ्रिकेंतील रवांडा या डोंगराळ देशांत ऑक्टोबर २०१६ पासून अशा यानांनीं इस्पितळांस रक्त पुरविण्यास आरंभ झाला. तेथें यान खालीं उतरत नाहीं. छोट्या हवाई छत्रीनें पेटी सोडून तें माघारीं फिरतें. महाराष्ट्रांत डिसेंबर २०२१ मध्यें पालघर जिल्ह्यांतील जव्हारहून झाप या गांवीं कोविडच्या लशीच्या ३०० मात्रा ड्रोननें गेल्या. सुमारें वीस किलोमीटरांचें अंतर दहा मिनिटांच्या आंत तोडलें गेलें; सडकेनें त्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो.

तथापि या वेगानें भारून जाऊन एक गोष्ट दृष्टिआड होतां कामा नये. लस बहुधा २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानांत राखावी लागते. म्हणून ती उतरल्यावर शीतपेटी हवी. रक्त चढविण्यापूर्वीं तें रोग्याच्या रक्ताशीं जुळवून पाहणारा जाणता मनुष्य हवा. शिवाय ज्या वादळी पावसानें सिपनेस पूर येतो, तोच पाऊस हलक्या यानासही अडवितो. यास्तव सर्पदंशावरील प्रतिविषासारख्या औषधांचा सांठा पावसाळ्यापूर्वींच आरोग्य केंद्रांत असला पाहिजे. जें फार दिवस सांठवितां येत नाहीं किंवा ज्याची गरज आधीं ओळखतां येत नाहीं, त्यासाठीं आकाशमार्ग राखावा.

नोमला घसरगाडी पोंचली, तेव्हां प्रतिविष टोंचावयास तेथें डॉक्टर होता. बैरागडास डॉक्टर आधीं गेले, सडक मागाहून आली. सेमाडोहच्या आकाशांत उद्यां यान आलें, तरी पेटी उघडणारे हात त्यापूर्वींच तेथें असावे लागतील.