नाण्यावरचे पुतळे : हरवलेल्या मूर्तींची साक्ष

(पाटोदा, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आधी एक काम करा. खिशात रुपयाचं, दोनाचं, पाचाचं, जे नाणं असेल ते हातात घ्या. त्यावर सिंह आहेत. किती दिसतात? तीन. पण हे एका खऱ्या दगडी शिल्पाचं चित्र आहे. अशोकाच्या सारनाथच्या स्तंभाचा हा माथा १९०४-०५ च्या उत्खननात सापडला, आणि तिथे पाठीला पाठ लावलेले सिंह आहेत चार. चौथा मागे दडतो. त्या सिंहांच्या वर एक मोठं चक्र होतं. त्याचे तुकडेच हाती लागले, म्हणून नाण्यावर ते नाही. खाली उलट्या कमळासारखा घंटेचा आकार आहे, तोही नाण्यावर नाही. उलट ‘सत्यमेव जयते’ नाण्यावर आहे, ते मूळ शिल्पावर नाही.

आता समजा, सारनाथचं शिल्प नाहीसं झालं आणि दोन हजार वर्षांनी कुणाच्या हाती फक्त हे नाणं आलं. त्याला किती कळेल, आणि त्याचं कुठे चुकेल? आजचा आपला विषय हाच आहे. कारण प्राचीन जगातल्या काही अतिशय गाजलेल्या मूर्तींच्या बाबतीत आपण आज त्याच माणसाच्या जागी उभे आहोत.

रोमन साम्राज्यात सोन्याचांदीचं मुख्य चलन सम्राटाचं. पण पूर्वेकडच्या, म्हणजे आजच्या ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया या भागांतल्या शेकडो शहरांना आपली स्वतःची नाणी पाडता येत, बहुतेक तांब्याची आणि काशाची. एका बाजूला सम्राट किंवा त्याच्या घरातलं कुणीतरी. दुसरी बाजू मात्र शहराची. तिथे काय घालायचं? ज्याचा आपल्याला अभिमान आहे ते. आमच्याकडे हे देऊळ आहे, आमच्याकडे ही मूर्ती आहे, लांबून लांबून लोक ती बघायला येतात! जत्रेचं गाव आपल्या देवाची तसबीर लावतं ना, तसंच हे.

ऑलिंपियाचा झ्यूस घ्या. फिडियस नावाच्या शिल्पकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात घडवलेला. सोनं आणि हस्तिदंत वापरून केलेली बसलेली मूर्ती, उंची बारा मीटरच्या आसपास, म्हणजे तीन-चार मजली घराएवढी. जगातल्या सात आश्चर्यांमध्ये तिची गणना. आज तिचा तुकडासुद्धा उरलेला नाही. पॉसेनियस नावाचा प्रवासी दुसऱ्या शतकात तिथे गेला. त्याने लिहून ठेवलं की देवाच्या उजव्या हातावर विजयदेवता आहे, डाव्या हातात राजदंड आहे. ऑलिंपिया ज्यांच्या ताब्यात होतं त्या एलिस शहराने सम्राट हेड्रियनच्या काळात, म्हणजे इ. स. ११७ ते १३८ दरम्यान, नाणी पाडली. त्यांवर तीच बैठक आहे, तीच विजयदेवता, तोच दंड. एका नाण्यावर तर फक्त देवाचं मस्तक आहे. पुढे लोकांनी झ्यूसची चित्रं काढली ती रागीट, वीज फेकणारी. या नाण्यावरचा चेहरा मात्र शांत आहे. मूर्ती गेली, पण तो शांतपणा पैशाएवढ्या धातूवर राहिला.

दुसरं उदाहरण क्नायडसचं. प्राक्सिटेलिसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात संगमरवरात ॲफ्रोडाइटी देवीची मूर्ती केली. स्नानाला निघालेली देवी, एका हातातलं वस्त्र शेजारच्या घड्यावर टाकते आहे. मूळ मूर्ती गेली. युरोपातल्या संग्रहालयांत रोमन काळातल्या संगमरवरी देवी पुष्कळ आहेत, पण त्यांतली क्नायडसच्या मूर्तीची नक्कल कोणती? उत्तर दिलं नाण्याने. क्नायडस शहराच्या एका नाण्यावर सम्राट काराकाला आणि त्याची राणी प्लॉटिला आहेत, आणि मागे हीच देवी, हाच घडा, हेच वस्त्र. त्यांचं लग्न झालं २०२ साली आणि प्लॉटिलाला हद्दपार केलं २०५ साली. त्यामुळे नाण्याचा काळही तीन वर्षांच्या आत बांधता येतो.

आता तुम्ही विचाराल, नाण्यावर देव आहे म्हणजे ती मूर्तीच कशावरून? नुसतं देवाचं चित्र का नसेल? रास्त शंका आहे. अभ्यासक तीन गोष्टी बघतात. एक, पायाखाली चौथरा कोरलाय का. चौथरा असेल तर तो पुतळा. दोन, भोवती देऊळ आहे का. ठसा कोरणारे कारागीर हुशार होते. ते देवळाचे मधले खांब बाजूला सारायचे आणि त्या मोकळ्या जागेत आतली मूर्ती दाखवायचे. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, वेगवेगळ्या कारागिरांच्या नाण्यांवर तीच ठेवण पुन्हा पुन्हा येते का. आपल्या देव्हाऱ्यातले टाक आठवा. चेहरा झिजून गेलेला असतो, तरी घोडा दिसला, हातात खड्ग दिसलं की आपण म्हणतो, हा खंडोबा. कमरेवर हात आणि पायाखाली वीट असली की विठोबाच. ओळख पटते ती ठेवणीवरून. बारीक चेहरेपट्टीवर मात्र फार विसंबायचं नसतं, कारण बोटाच्या पेराएवढ्या जागेत कारागीर काही गाळतो, काही वळवतो, काही पदरचं घालतो. आपल्या रुपयावर तेच झालंय.

हे सगळं पाटोद्यात कशाला सांगतोय? कारण आपण त्या जगापासून वाटतं तितके लांब नव्हतो. आपल्या उत्तरेला गोदाकाठी पैठण. आग्नेयेला तेरणेकाठी तेर, आणि ती तेरणा पुढे आपल्या बालाघाटात उगम पावणाऱ्या मांजरेला मिळते. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी माहितीपुस्तकात, ‘पेरिप्लस’मध्ये, या दोन्ही गावांची नावं आहेत. तेरला भाजलेल्या मातीची पदकं सापडली आहेत, रोमन नाण्यांची नक्कल केलेली. तिकडचं नाणं इकडे मातीत उतरलं आणि दागिना झालं. ही हौस पुढेही टिकली. आपल्या आज्यांच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवते? व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर उभ्या माणसांच्या आकृत्या असायच्या, म्हणून आपल्या लोकांनी त्या नाण्यालाच ‘पुतळी’ म्हटलं.

पण आपल्याकडचा एक सल सांगतो. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरलेले होते. सिमुक सातवाहन, राणी नायनिका, राजा सातकर्णी, राजकुमार. वर ब्राह्मी लिपीत नावं आहेत, ती वाचता येतात. पुतळे गेले, खाली पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. एलिसच्या झ्यूसला नाण्याची साक्ष मिळाली, तशी या पुतळ्यांना मिळालेली नाही. नाव आहे, चेहरा नाही. सातवाहन राजांचे चेहरे नाण्यांवर येतात ते पुढे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळापासून, चांदीच्या नाण्यांवर.

त्या गौतमीपुत्राची केवढी मोठी गोष्ट एका मडक्याने सांगितली बघा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी मुळात क्षत्रप नहपानाची, त्याच्या मुखवट्याची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला. जिंकलेल्याने हरलेल्याच्या चेहऱ्यावर आपली मोहोर उमटवली. हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर चांदी तेवढी हाती आली असती, आणि हा पुरावा गेला असता.

शेवटी एका श्रोत्याने विचारलं, “सर, नांगरताना आमच्या रानात असं मडकं निघालं तर करायचं काय? सांगितलं तर सरकार नेणार, न सांगितलं तर सोनार.”

प्रश्न खरा आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक म्हणून कुणी पुढे आलं नाही तर शोधणाऱ्याचा हक्क कायद्यात सांगितलेला आहे, आणि सरकारने ऐवज घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन घ्यायचा असतो. हेलपाटे पडतात, ते मी नाकारत नाही. पण तीन गोष्टी पाळा. नाणी चिंचेने, राखेने घासू नका, ठसा जातो. मडकं आणि नाणी वेगळी करू नका. आणि जागा लक्षात ठेवा, जमलं तर मोबाइलवर फोटो काढा. नाणं कुठे सापडलं हे गेलं की अर्धा इतिहास गेला.

नाणेघाटातल्या त्या रिकाम्या भिंतीवर सिमुकाचं नाव अजून आहे. त्याचा चेहरा कदाचित कुठल्या तरी मडक्यात असेल, कदाचित नसेल. पण असलाच, तर तो वितळायला नको.