विलंब : एका आरोपाचा इतिहास

निदान झालेले असते, डॉक्टरांनी उपचार सांगितलेले असतात, आणि तरीही घरात ठरते : ‘जरा थांबू, दिवाळी होऊ दे.’ या थांबण्याची किंमत मोठी असते. शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली तर मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका व्यापक अभ्यासात दिसले. मग माणसे का थांबतात?

१९३८ साली पॅक आणि गॅलो या अमेरिकन डॉक्टरांनी कर्करोगाच्या उपचारातील विलंबावर एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘दोष’ या अर्थाचा शब्द होता. रुग्णाबरोबर डॉक्टरांच्या पदरीही त्यांनी दोष घातला होता. लोकांच्या बोलण्यात मात्र तो रुग्णाचाच उरला.

आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. उशिरा आलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही दगावला, की शेजाऱ्यांच्या लक्षात आजार नव्हे, शस्त्रक्रिया राहते. ‘चाकू लागला की गाठ पसरते’ हा समज असाच पोसला जातो. तो चुकीचा आहे. पण त्याला निव्वळ अज्ञान म्हणणे अपुरे आहे. पाहिलेल्या मृत्यूंची ती स्मृती आहे. विलंबातून मृत्यू, मृत्यूतून भय आणि भयातून पुन्हा विलंब, असे हे चक्र आहे.

या भयात भाषेचाही हात आहे. रोगाभोवतीची रूपके रुग्णाला लाजवतात, हे सुसान सोन्टॅग यांनी १९७८ साली मांडले. आपणही ‘भ्रष्टाचाराचा कॅन्सर’ असे सहज लिहितो, आणि घरात मात्र त्या आजाराचे नाव घेत नाही.

तथापि सगळा विलंब मनातला नसतो. फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांतून १९४९ साली नाव मिळालेले उल्हासनगर, कारखान्यांचे अंबरनाथ, मुंबईत घर न परवडणाऱ्यांचे बदलापूर : इथून परळ पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. जीन्स शिवणाऱ्या कारागिराने गर्दीच्या लोकलमधून रोज जायचे, सोबतीला घरातले आणखी एक माणूस न्यायचे, म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. शासकीय योजनेतून खर्च मिळायचा तरी कागदपत्रे आणि मंजुरी आलीच. ‘जरा थांबू’ या दोन शब्दांत हा सारा हिशेब असतो.

चक्र तुटू शकते, हे बार्शीने दाखवले. तिथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलू लागले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागल्या. भय संवादाने ओसरते. बुडालेली मजुरी आणि लोकलचे अंतर मात्र संवादाने भरून निघत नाही. त्यासाठी उपचारच घराजवळ यावे लागतात. रुग्णाला ‘उशीर का केलास?’ असे विचारण्यापूर्वी हा दुसरा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.