भिंतीवरची बखर

तंजावरला गेलेला मराठी माणूस साधारण तीन गोष्टी करतो. मोठ्या देवळाचे फोटो काढतो, सरस्वती महालात "हे आपल्याच लोकांनी केलंय बरं का" म्हणून घेतो आणि सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं ही ऐकीव गोष्ट सोबतच्यांना सांगतो. मी तिन्ही केल्या. :)

पण खरं तर मी एक कथा लिहायला गेलो होतो. ऐतिहासिक कथा म्हटली की आपल्याकडे घोडे, तलवारी आणि "महाराज, घात झाला!" हे ठरलेलं. मला कारकुनाची गोष्ट लिहायची होती. कारण तंजावरात एका कारकुनानं जे करून ठेवलंय त्याला तोड नाही.

बृहदीश्वराच्या देवळात शिरलं की सगळ्यांच्या माना वर जातात. साहजिक आहे, राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं हे विमान दोनशे फुटांच्या वर आहे. पण वाचण्यासारखं सगळं खाली आहे. जोत्यावर चोळांचे तमिळ लेख आहेत. त्यात देवळात आणवलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे, नावानिशी! कुठल्या गावच्या देवळातून आली, कुठल्या आळीत कितवं घर दिलं, वर्षाला भात किती. हजार वर्षांपूर्वीचा एचआर डेटाबेस, आणि बॅकअपची चिंता नाही.

आता प्राकाराच्या नैऋत्येच्या भागात या. तिथं भिंतीवर ओळीच्या ओळी मराठी, तीही देवनागरीत. भोसले घराण्याचा इतिहास, १८०३ साली कोरलेला. राजे दुसरे सरफोजी, लिहिणारे त्यांचे चिटणीस बाबूराव. जगातल्या लांबलचक शिलालेखांत याची गणना होते.

एवढा खटाटोप कशासाठी? तारखा शेजारी शेजारी मांडल्या की उलगडतं. सरफोजींना तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी राजे वारले. दत्तकच अशास्त्रीय ठरवून गादीवर बसले तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह. हा मुलगा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला, त्याला मद्रासला हलवावं लागलं, पंडितांची मतं पुन्हा मागवली गेली. अखेर १७९८ मध्ये कंपनीनं त्यांना गादीवर बसवलं आणि १७९९ च्या तहात राज्यच काढून घेतलं! हाती उरला किल्ला, तनखा आणि मानमरातब.

त्यानंतर चार वर्षांनी हा लेख. म्हणजे ज्याचा वारसा दहा-अकरा वर्षं वादात होता आणि ज्याच्याकडे आता राज्यच नव्हतं, त्या माणसानं आपली वंशावळ दगडावर उतरवली. आपण त्याला इतिहास म्हणून वाचतो. मला तो अर्ज वाटतो. फक्त कुणाच्या नावे केलेला, हे मात्र ठरवता येत नाही. कंपनीचे साहेब मराठी वाचणार नव्हते, आणि गावातले बहुतेक लोक तमिळ.

सरफोजींना कुणी बिचारे समजू नये. राज्य गेल्यावर या माणसानं जे केलं ते राज्य असलेल्या कितीकांना जमलं नाही. नायकांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह प्रचंड वाढवला. तिथं आज मराठीचीच हस्तलिखितं तीन हजारांच्या वर आहेत. देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीती मराठीत छापली. डोळ्यांच्या रोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक लिहिलं, ज्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते! (नाटकाची हौस घराण्यातलीच. विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं नाटक १८४३ चं, तर शहाजीराजांची मराठी नाटकं त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधीची. एकात तर पाच भाषा आहेत. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.)

आणि याच सरफोजींनी इंग्रजांनी नेपोलियनला हरवल्याच्या आनंदात समुद्रकाठी मनोरा बांधला. हे वाचून मला आधी रागच आला. मग शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये गेलो. तिथं फ्लॅक्समननं कोरलेलं संगमरवरी शिल्प आहे. श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आणि तरुण सरफोजी त्याचा हात धरून उभे. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच गोटातला हा माणूस, आणि यांना बापासारखा. 'मांडलिक', 'लाचार' वगैरे शब्द या शिल्पासमोर उभं राहून वापरून बघा, जमत नाही.

असो. कथेचं काय झालं? बाबूराव चिटणीस मागे पडले. माझ्या कथेतला नायक आता पाथरवट आहे, तमिळ. त्याला मराठी येत नाही. रोज सकाळी कारकून खडूनं अक्षरं काढून देतो आणि हा त्यावरून छिन्नी चालवतो. "श" आणि "रा" त्याला बऱ्यापैकी जमतात, "क्ष" चा वैताग येतो. एके दिवशी तो दुभाष्याला विचारतो, यात आमच्या गावाचं नाव कुठं आलंय का? कारकून काय उत्तर देतो, तिथं मी दोन वीकांत अडकून बसलोय.