पुजाऱ्यांचा शेरा आणि न उघडलेला राजा

आमेनहोतेप पहिला हा इजिप्तच्या अठराव्या राजघराण्यातला दुसरा राजा. त्याच्या शवपेटीवर हिएराटिक लिपीत शाईने लिहिलेले दोन शेरे आहेत. पहिला सहाव्या वर्षाचा: पियांखचा मुलगा, आमुनचा मुख्य पुजारी पिनेजेम याने राजाचे दफन नव्याने करण्याची आज्ञा दिली. दुसरा सोळाव्या वर्षाचा. आज्ञा तीच, देणारा पिनेजेमचा मुलगा मसाहर्ता. वर्षे कोणाच्या राजवटीची, हे लिहिलेले नाही. बहुतेक अभ्यासक ती स्मेन्देस राजाची धरतात, म्हणजे काळ इ.स.पू. अकराव्या शतकाच्या मध्याचा. राजा मरून तेव्हा साडेचार शतके होत आली होती.

या शेऱ्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? सरकारी कागद अस्सल असला तरी लिहिणाऱ्याचे हितसंबंध तपासावे लागतात, हे मराठी इतिहासाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. इथे तर शंकेला भक्कम आधार आहे. सेनापती पियांख नूबियाच्या मोहिमेवर असताना थीब्जच्या दफनभूमीचा लेखनिक बुतेहामुन याने त्याला पाठवलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात सेनापतीचाच हुकूम पुन्हा उतरवलेला आहे. पूर्वजांच्या थडग्यांपैकी एक उघडे करावे, पण त्याची मोहोर आपण येईपर्यंत शाबूत ठेवावी, असा तो हुकूम. पियांख म्हणजे शेऱ्यातल्या पिनेजेमचा बाप. खुद्द पिनेजेमने थुतमोस पहिल्याच्या शवपेट्या स्वतःसाठी बदलून घेतल्या होत्या. म्हणून ‘दफन नव्याने केले’ याचा खरा अर्थ खजिन्यासाठी सोने काढून घेतले आणि देह गुंडाळून ठेवला, असा लावणारे अभ्यासक थोडे नव्हते.

त्याआधीचा एक कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, अॅबट पपायरस. रामसेस नवव्याच्या सोळाव्या वर्षी थीब्जच्या पूर्व भागाचा प्रमुख पेसेर याने थडगी फुटल्याची तक्रार केली. थडगी असलेला पश्चिम भाग पवेराआच्या अखत्यारीत होता, त्यामुळे तक्रारीचा रोख त्याच्यावरच होता. चौकशी मंडळाने दहा राजांची थडगी पाहिली, फुटलेले निघाले एकच, सोबेकेमसाफचे. आमेनहोतेपचे थडगे १२० हात खोल असून सुरक्षित आहे, असा निर्वाळा मिळाला. (एवढे माप दिलेले असूनही ते थडगे नेमके कोणते, यावर आजही वाद आहे.) तेव्हा तक्रारदाराला खोटे पाडण्यात काहींचा फायदा होता हे सोडले, तर देहाची मोडतोड (ती कशी दिसली ते पुढे येईल) या तपासणीनंतर आणि दुसऱ्या शेऱ्याआधी झाली असे धरता येते. म्हणजे साधारण सात दशकांच्या आत.

१८८१ मध्ये देर अल-बहरीजवळच्या गुप्त विवरातून राजांचे देह बाहेर काढले गेले, त्यांत हाही होता. ज्या पेटीत तो होता ती त्याच्यासाठी घडवलेली नव्हती. चेहऱ्यावर मुखवटा, अंगावर फुलांच्या माळा, आणि फुलांच्या वासाने आत शिरून अडकलेली एक गांधीलमाशी. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ गॅस्तों मास्पेरोने इतर राजांची वस्त्रे उलगडली, पण हे गुंडाळणे इतके देखणे होते की त्याने याला हात लावला नाही. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत उपयोगी निर्णय होता, असे मला वाटते.

पुढे १९३२ मध्ये क्ष-किरण चित्रे घेतली गेली आणि वय ४० ते ५० ठरले. १९६७ च्या चित्रांवरून ते २५ च्या आसपास ठरले. यात तपासणाऱ्यांचा फारसा दोष नाही. साध्या क्ष-किरण चित्रात मुखवटा, कापडाचे थर, मणी आणि हाडे या सगळ्यांच्या सावल्या एकाच पातळीवर एकमेकींत मिसळतात. सीटी स्कॅनमध्ये किरण चहूबाजूंनी फिरवून देहाचे पातळ काप मिळतात. सोने, दगड, हाड आणि कापड यांची घनता वेगवेगळी असल्याने संगणकावर एकेक थर बाजूला करता येतो, प्रत्यक्षात एक धागाही न हलवता.

२०१९ मध्ये कैरोत हे स्कॅन झाले. रेडिऑलॉजिस्ट सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांचा निबंध डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूसमयी वय सुमारे ३५, उंची १६९ सेंटिमीटर, दात चांगले. मृत्यूचे कारण ठरेल अशी जखम वा रोगाची खूण नाही. मात्र मरणोत्तर मोडतोड भरपूर. मान धडापासून तुटलेली, ती राळ लावलेल्या कापडी पट्टीने पुन्हा बसवलेली. डावा हात निखळलेला, तो देहालगत ठेवून गुंडाळलेला. पोटाच्या पुढच्या भागाला पडलेले भोक झाकून त्याखाली दोन ताईत ठेवलेले. आणि मुख्य म्हणजे ताईत-दागिने मिळून ३० नग अजून जागेवर, त्यांत सोन्याच्या ३४ मण्यांचा कमरपट्टा.

सोने लुटायला निघालेला माणूस कमरपट्टा ठेवून पट्ट्या बांधत बसत नाही. सलीम आणि हवास यांनीही हाच निष्कर्ष काढला: निदान या राजाच्या बाबतीत पुजाऱ्यांनी डागडुजी केली, लूट नव्हे. ‘निदान’ हा शब्द मी सोडणार नाही. स्कॅन शेवटची स्थिती दाखवतो. दोन शेऱ्यांपैकी मान कोणाच्या वेळी जोडली, हे त्यावरून कळत नाही. थडग्यातले बाकीचे सामान आणि मूळची शवपेटी कोणी नेली, यावरही तो काही बोलत नाही. पियांखला पाठवलेले पत्र खोटे ठरलेले नाही आणि थुतमोसच्या पेट्यांची गोष्टही तशीच उभी आहे.

म्हणून निकाल एवढाच: पिनेजेम आणि मसाहर्ता यांचे शेरे या एका देहापुरते खरे आहेत. त्याच विवरात सापडलेल्या रामसेस दुसऱ्याच्या बाबतीत अशी पडताळणी करता येत नाही. १ जून १८८६ रोजी इजिप्तचा शासक खेदीव तौफीक याच्यासमोर मास्पेरोने त्याची वस्त्रे उलगडली आणि पुजाऱ्यांनी कोणत्या थरात काय ठेवले होते, हा पुरावा त्याच दिवशी मोडला.